भाड्याच्या घरातली टाकी धुवायची कुणी?



काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ ओपीडीत आले. वय पन्नाशीच्या पुढे, दहा-बारा वर्षांचा मधुमेह, दिवसाला चार-पाच सिगारेटी. नोकरीमुळे करमाळ्यात खोली भाड्याने घेऊन एकटेच राहायचे, कुटुंब दुसऱ्या गावी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) तीन दिवसांपासून सणकून ताप, अंग ठणकतंय, डोकं फुटतंय, कोरडा खोकला. आदल्या दिवसापासून जुलाबही सुरू झाले होते. ताप आणि जुलाब म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात टायफॉईड येतो. त्यांनी एका लॅबमधून विडाल करूनही आणली होती, "थोडी पॉझिटिव्ह". विडालबद्दल मी इथे पूर्वी लिहिलंय, पुन्हा तेच उगाळत नाही. एवढंच सांगतो, की एकदाच केलेल्या विडालवर टायफॉईडचं निदान करणं म्हणजे ढग बघून पाऊस मोजण्यासारखं आहे.

छातीचा एक्सरे काढला. उजव्या बाजूला खाली न्यूमोनियाचा डाग होता. मी नेहमीचं औषध सुरू केलं, पेनिसिलीनच्या कुळातलं. दोन दिवसांनी ताप तसाच, वर दम लागायला लागला आणि बोलणं असंबद्ध झालं. सोबत आलेला सहकारी म्हणाला, "सर, काल रात्री हे मलाच ओळखत नव्हते." रक्तातलं सोडियम बरंच खाली गेलं होतं. मी लगेच सोलापूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी औषधांत अझिथ्रोमायसिनची भर घातली आणि चौथ्या दिवशी ताप उतरला. दोन आठवड्यांनी ते स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आले, पण जिना चढून आल्यावर पाच मिनिटं बोलता येत नव्हतं.

न्यूमोनिया, सोबत जुलाब, गोंधळलेली बुद्धी, खाली गेलेलं सोडियम, पेनिसिलीनला दाद नाही आणि अझिथ्रोमायसिनला मिळाली. हे सगळं एकत्र आलं की पुस्तकात एक नाव येतं, लेजिओनेला. त्याची लघवीची तपासणी त्यावेळी झाली नाही. त्यामुळे तो लेजिओनेलाच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मी त्यांना जे प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवे होते, ते त्या दिवशी विचारले.

"पाणी कुठलं पिता?"

"जारचं. वीस लिटरचा घेतो. पाण्याच्या बाबतीत मी काळजी घेतो सर."

"आणि आंघोळीला?"

"टाकीचं. शॉवर आहे."

"आजारी पडायच्या आधी कुठं बाहेर गेला होतात?"

"मे महिन्यात तीन आठवडे गावाकडं होतो. खोली बंद होती. परत आलो त्याच दिवशी चांगली तासभर आंघोळ केली, उन्हाचा आलो होतो ना. टाकीचं पाणी असलं गरम, गिझरची गरजच नाही."

परत आल्यानंतर सहाव्या दिवशी ताप. टाकी शेवटची कधी धुतली, या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हतं. "ते मालकांना विचारावं लागेल."

मालक माझेच जुने पेशंट. सत्तरीचे, तेही मधुमेही, त्याच घरात खालच्या मजल्यावर राहतात. ते बीपी दाखवायला आले तेव्हा सहज विषय काढला. ते म्हणाले, "टाकी भाडेकरूंनी धुवायची ओ डॉक्टर. वापरतात कोण, ते का आम्ही?" हेच भाडेकरूला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, गच्चीची किल्लीच आमच्याकडं नाही."

मालकाच्या मते टाकी भाडेकरूची, भाडेकरूच्या मते मालकाची. मधल्या मध्ये टाकीत जे काही वाढायचं ते निवांत वाढत राहतं.

हा जंतू आहे तरी काय

जुलै १९७६. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. अधिवेशन संपून माणसं घरोघरी गेली आणि एकेक करून न्यूमोनियाने आजारी पडू लागली. हॉटेलच्या समोरून नुसते चालत गेलेले काही लोकही आजारी पडले. एकूण २२१ जण आजारी, त्यातले ३४ दगावले. सहा महिने कारण सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने जंतू शोधला. लीजनवाल्यांना झाला म्हणून त्याचं नाव लेजिओनेला आणि त्याने होणाऱ्या न्यूमोनियाचं नाव लिजनेअर्स डिसीज. हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्यातून तो पसरला असावा, असा निष्कर्ष निघाला.

हा जंतू परका नाही. नदीत, तळ्यात, ओल्या मातीत तो थोड्या प्रमाणात असतोच. तिथे तो कुणाच्या वाटेला जात नाही. माणसाने त्याच्यासाठी टाकी, पाईप, गिझर, शॉवर अशी सोय केली तेव्हा प्रश्न सुरू झाला. त्याला वाढायला काय लागतं, तर कोमट पाणी, म्हणजे साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस. त्यातही आपल्या अंगाइतकं, ३५-३७ अंशाचं पाणी त्याला सगळ्यात मानवतं. पाणी हलता कामा नये. तळाला गाळ हवा, पाईपच्या आत क्षार, गंज किंवा बुळबुळीत थर हवा. त्या थरात अमीबासारखे सूक्ष्म जीव राहतात आणि हा जंतू चक्क त्यांच्या पोटात शिरून वाढतो. त्यामुळे पाण्यात थोडंफार क्लोरीन असलं तरी तो आत सुरक्षित असतो.

आता करमाळ्याची गच्ची डोळ्यासमोर आणा. एप्रिल-मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४२-४३ वर जातो. सिमेंटच्या स्लॅबवर काळी प्लास्टिकची टाकी, वर सावली नाही. दुपारी नळ सोडला तर हात भाजतो आणि रात्रीपर्यंत तेच पाणी कोमट होतं. नळाला रोज पाणी येत नाही. उजनीचं धरण तालुक्याच्या उशाला, निम्मा तालुका बॅकवॉटरच्या काठावर, तरी उन्हाळ्यात नळाची वाट बघावी लागते. मग माणूस साठवणारच. एक टाकी पुरत नाही म्हणून दोन, खाली एक हौद. पाणी संपेल या भीतीने कुणी टाकी तळापर्यंत रिकामी करत नाही. दर वेळी जुन्या पाण्यावर नवं पाणी पडतं आणि गाळ आहे तिथेच राहतो. बोअरचं पाणी जड असेल तर क्षारांचे थर वेगळेच. या जंतूला हवं असलेलं सगळं आपल्या गच्चीवर असतं आणि खोली तीन आठवडे बंद राहिली की उरलेली अटही पूर्ण होते.

गंमत म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या बायकांना हे सगळं न शिकवता कळत होतं. रांजणातलं, माठातलं शिळं पाणी सकाळी ओतून द्यायचं, आतून हात फिरवून घासायचं आणि मगच ताजं भरायचं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गावचा आड उपसून गाळ काढायचा, त्याला घरटी एक माणूस जायचा. आड सगळ्यांचा, म्हणून काम सगळ्यांचं. आपण माठाची टाकी केली, टाकी डोळ्याआड गच्चीवर नेली आणि ओतून देण्याची रीत तेवढी खाली विसरून आलो.

जार आहे, मग कशाची भीती?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून इथे थोडं थांबतो.

पाण्याचे आजार तोंडावाटे होतात हे आपल्या मनात पक्कं बसलंय आणि ते बहुतांशी खरंच आहे. जुलाब, कावीळ, टायफॉईड, सगळे तोंडावाटे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारेची, म्हणजे जीबीएसची साथ आली. हातापायातली ताकद गेलेले रुग्ण व्हेंटिलेटरवर गेले. तेव्हाही काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडेच वळली. तोही पोटात जाणारा जंतू. म्हणून आपण पिण्यापुरता जार आणतो, आरओ बसवतो आणि निर्धास्त होतो.

लेजिओनेला सहसा पोटातून येत नाही, तो श्वासातून येतो. शॉवर, टॉयलेटमधला जेट किंवा फवारा मारणारा नळ सोडला की डोळ्याला न दिसणारे बारीक तुषार हवेत उडतात. त्यात जंतू असेल तर तो थेट फुफ्फुसात जातो. आरओ स्वयंपाकघरात असतो आणि हा बाथरूममधून येतो. पाणी पिताना ठसका लागून ते श्वासनलिकेत गेलं तरी होऊ शकतो, म्हणून गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना धोका जास्त. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र तो सहसा लागत नाही. त्यामुळे अशा पेशंटला कुणी वाळीत टाकायचं कारण नाही.

इथे एक दिलासा. आपली बादली-तांब्याची आंघोळ या बाबतीत शॉवरपेक्षा बरी, कारण तुषार कमी उडतात. नव्या घरांत शॉवर असतो म्हणून भाडं जास्त घेतात. मी मधुमेही आजोबांना बिनदिक्कत बादली सुचवतो.

आणि एक इशारा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. दम्याच्या, सीओपीडीच्या पेशंटच्या घरी आता नेब्युलायझर असतो. औषध पातळ करायला काही जण सरळ नळाचं पाणी घालतात. काही जण डबी नळाखाली विसळून ओलीच ठेवतात. हे अजिबात करू नका. ते पाणी तुम्ही स्वतःच्या आजारी फुफ्फुसात फवारताय. मेडिकलमध्ये सलाईनच्या छोट्या कुप्या मिळतात, त्याच वापरा. डबी आणि मास्क उकळून थंड केलेल्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा.

सगळ्यांनी घाबरायचं का? नाही. तरुण, धडधाकट माणसाच्या शरीरात हा जंतू गेला तरी बहुतेक वेळा काहीच होत नाही, फार तर दोन-तीन दिवस फ्लूसारखा ताप येऊन जातो. धोका पन्नाशीच्या पुढच्यांना, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, मधुमेह, सीओपीडी, किडनीचा आजार असणाऱ्यांना, केमोथेरपी किंवा स्टिरॉईड चालू असणाऱ्यांना. आणि त्यांना होतो तेव्हा तो साधा नसतो. उपचार मिळूनही साधारण दहातला एक दगावतो.

आता पुन्हा त्या घराकडे बघा. वरच्या मजल्यावर भाडेकरू बहुधा तरुण. कारखान्यात, बँकेत, शाळेत, एसटीत नोकरी करणारा किंवा शिकणारा. खालच्या मजल्यावर घरमालक, साठी-सत्तरीचे, दोघेही नवरा-बायको गोळ्यांवर. टाकी दोघांची एकच. "भाडेकरू वापरतात, त्यांनी धुवावी" म्हणणाऱ्या मालकांना मी हेच सांगतो. तुमच्या टाकीतला जंतू भाडेकरूला कदाचित सोडून देईल, तुम्हाला सोडणार नाही.

जबाबदारी कुणाची

माझं मत स्पष्ट आहे. टाकी, तिचं झाकण, हौद आणि पाईप ही घराची अंगं आहेत, जशी भिंत आणि स्लॅब. ती मालकाची. नळाची तोटी, शॉवरची चाळणी, गिझरचा काटा रोजच्या वापरात आहेत, ती भाडेकरूची. स्लॅब गळला तर कुणी भाडेकरूला "तू राहतोस, तूच डांबर टाक" म्हणत नाही. टाकीला वेगळा न्याय का?

इंग्लंडमध्ये घर भाड्याने देणाऱ्याने लेजिओनेलाचा धोका तपासणं हे कायद्याने त्याचं कर्तव्य आहे. त्याचा अर्थ तिथे प्रत्येक खोलीचं पाणी प्रयोगशाळेत जातं असा नाही. साध्या घरात तेवढी गरज नाही असं तिथलं सरकारी खातंच सांगतं. टाकीला घट्ट झाकण आहे ना, गिझर पुरेसा तापतो ना, नवा भाडेकरू येण्याआधी नळ सोडून साठलेलं पाणी वाहून दिलं ना, एवढंच मुख्यतः बघायचं. जर्मनीत मोठ्या इमारतींमध्ये, जिथे गरम पाण्याची सामायिक मोठी टाकी असते, तिथे भाड्याच्या घरांसाठी दर तीन वर्षांनी पाणी तपासावं लागतं. आपल्याकडे पाण्याचा नमुना तपासायला दिला तर तो मुख्यतः कोलिफॉर्मसाठी, म्हणजे मैलामिश्रणासाठी तपासतात. त्यात "पिण्यास योग्य" असा शेरा आला म्हणजे लेजिओनेला नाही, असं होत नाही.

मला करमाळ्यात जर्मनीचा कायदा नको आहे. तो आला तरी पाळणार कोण आणि तपासणार कोण? मला एवढंच हवंय की अकरा महिन्यांच्या करारात, जिथे "भिंतीला खिळे मारू नयेत", "रात्री दहानंतर गेट बंद" अशा ओळी असतात, तिथे अजून एक ओळ यावी: टाकी वर्षातून दोनदा मालक धुऊन घेईल आणि गच्चीची एक किल्ली भाडेकरूकडे राहील. करार नसेल, तोंडी व्यवहार असेल, तर डिपॉझिट देतानाच हे बोलून घ्यावं. खोली बघायला जाता तेव्हा पंखा लावून बघता, मोबाईलची रेंज बघता, तसं वर जाऊन टाकीचं झाकणही उघडून बघा. मालकाला राग येत नाही, माझा अनुभव आहे. फार तर म्हणतात, "लई चौकस दिसताय."

मालकांचीही बाजू आहे, ती नाकारत नाही. कित्येक जण निवृत्त, काही घरांत एकटी आजी. भाड्यावर औषधपाणी चालतं. त्यांना लोखंडी शिडी चढून गच्चीवर जाता येत नाही. अशा घरात भाडेकरूने एका रविवारी दोन तास द्यावेत, मालकाने धुणाऱ्या माणसाची मजुरी द्यावी. वर्षातून दोनदा टाकी धुण्याचा खर्च महिन्याच्या भाड्यापुढे किरकोळ असतो. न्यूमोनियाने आयसीयूत एक दिवस काढला तर काय बिल येतं ते मी सांगायला नको.

धुवायची कधी? आपल्याकडे नवरात्राच्या आधी दसरा काढतात. गोधड्या धुतात, फडताळातली भांडी घासतात, माळा झाडतात. कमलाभवानीच्या यात्रेला पाहुणे येणार म्हणून घराला रंगही देतात. टाकी तेवढी राहते. ती दसऱ्याच्या यादीत घाला. दुसरी वेळ पाडव्याच्या आसपास, ऊन कडक व्हायच्या आत.

कशी, तेही सांगतो. टाकी पूर्ण रिकामी करा, तळाचा गाळ भांड्याने आणि फडक्याने काढा. पाईपवाटे सोडून दिलात तर तो नळात जाऊन बसेल. ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा. मग टाकी भरून हजार लिटरला साधारण १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घाला. आधी बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा. चार-सहा तास तसंच राहू द्या. हे पाणी प्यायचं नाही, अंगावर घ्यायचं नाही, जनावरांना द्यायचं नाही. नंतर सगळं सोडून द्या, सगळे नळ वाहू द्या आणि ताजं पाणी भरा. पाणी वाया जातं हे मान्य, म्हणून नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी करा आणि शेवटचं धुतलेलं पाणी अंगण, संडास धुवायला वापरा.

दोन गोष्टी जिवाशी खेळ आहेत. ब्लीचिंग पावडर आणि बाथरूमचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि जमिनीखालच्या हौदात एकट्याने उतरू नका. झाकण उघडून बराच वेळ वारा खेळू द्या, वर दुसरा माणूस उभा हवा. आत गुदमरलेल्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

भाडेकरूंसाठी थोडंसंच. सुट्टीहून आलात, खोली आठवडाभर बंद होती, तर बॅग ठेवल्याबरोबर शॉवरखाली उभं राहू नका. खिडकी उघडा, प्रत्येक नळ हळू सोडा आणि पाच मिनिटं वाहू द्या. शॉवरची चाळणी काढून पाणी बादलीत सोडा म्हणजे तुषार उडणार नाहीत. चाळणीवर पांढरे क्षार साचले असतील तर ती लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवून घासा. साठवणीचा गिझर असेल तर वीज वाचवायला काटा ४०-४५ वर ठेवतात. ते तापमान म्हणजे जंतूला मांडव घातल्यासारखं आहे. ६० अंशाला तो काही मिनिटांत मरतो, ५० अंशाला तासन्‌तास तग धरतो. काटा ६० वर ठेवा आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम, असं घ्या. लहान मुलं असतील तर हे विशेष सांभाळा, ६० अंशाच्या पाण्याने चटकन भाजतं. गच्चीवर सोलर असेल तर पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन नसतं आणि पाणी नुसतं कोमट राहतं. अशा दिवसांत विजेचा हीटर जोडलेला असेल तर तो चालू करून पाणी चांगलं तापवा. (गॅस गिझर असेल तर लेजिओनेलापेक्षा मला त्या बंद बाथरूमचीच जास्त भीती वाटते. त्यावर स्वतंत्र लिहीन, तोपर्यंत खिडकी उघडी ठेवा.) कूलरचं पाणीही आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी पुसून घ्या.

काही वाचक म्हणतील, डॉक्टर, आमच्या वॉर्डात डेंग्यू आहे, काविळीचे पेशंट आहेत आणि तुम्ही हे कुठलं परदेशी खूळ काढलंत? रास्त आहे. आपल्या तालुक्यात टाकीमुळे होणाऱ्या आजारांत डेंग्यू आणि जुलाब वरच्या नंबरावर आहेत, हा जंतू त्यांच्या कितीतरी खाली असेल. पण झाकण घट्ट असेल तर डासही शिरत नाही, गाळ काढला तर बाकीचे जंतूही जातात. काम एकच आहे. आणि "आपल्याकडे हा आजार नाही" असं म्हणताना हेही लक्षात घ्या, की आपण तो शोधतच नाही. न्यूमोनियाच्या किती पेशंटची लेजिओनेलाची तपासणी तालुक्याच्या गावी होते? मी स्वतः त्या गृहस्थांची केली नव्हती.

म्हणून शेवटी एक विनंती, पेशंटच्या नातेवाइकांना. ताप, कोरडा खोकला, दम, सोबत जुलाब किंवा बडबड, आणि माणूस वयस्क किंवा मधुमेही असेल, तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा की गेल्या दोन आठवड्यांत बंद खोलीत परत आलो, लॉजवर राहिलो, शॉवर वापरला, नेब्युलायझरमध्ये नळाचं पाणी घातलं. या एका वाक्याने औषध बदलू शकतं. पेनिसिलीनच्या कुळातली नेहमीची औषधं या जंतूवर चालत नाहीत. अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन चालतात. पण कृपा करून हे वाचून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. लेव्होफ्लॉक्सॅसिनने क्षयरोग काही दिवस दबतो आणि निदान लांबतं, आपल्या भागात ते फार महागात पडतं.

त्या घराचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मालकांनी टाकी उघडली तेव्हा तळाला चार बोटं गाळ होता, त्यात एक मेलेली पाल आणि झाकणाचा तुटलेला तुकडा. ते मला सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण चार वर्षं तेही त्याच पाण्याने आंघोळ करत होते. नवं झाकण आलं. टाकीच्या अंगावर आता पांढऱ्या ऑइलपेंटने धुतल्याची तारीख लिहिलेली असते. यंदाची घटस्थापनेच्या चार दिवस आधीची आहे. गच्चीची दुसरी किल्ली भाडेकरूकडे असते. ते गृहस्थ अजून त्याच खोलीत राहतात, बादलीने आंघोळ करतात. सिगारेट मात्र पूर्ण सुटलेली नाही, त्यावर आमचं भांडण चालू आहे.